पहिलं ताट

"नऊ अंडी?" जिमची ट्रेनर पूनम, तिने वहीवरचं बोट तिथंच रोखलं. "एका दिवसात? ताहेराताई, नऊ अंडी तर आमच्याकडचा तो बाउन्सरसुद्धा खात नाही."

"लिहिलंय ते खरंय. मोजून लिहिते मी."

"अर्धा किलो चिकन. पाव किलो दही. सोयाबीनच्या वड्या. एवढं सगळं पोटात जातंय आणि सात आठवडे तुम्ही पंचेचाळीस किलोवरच? एवढ्यात तर माझी नोकरी तुम्ही घेतली असती!"

ताहेराचं लक्ष जमिनीवर पडलेल्या रॉडकडे होतं. तो दोन्ही हातांनी धरायचा, पाठ सरळ ठेवायची आणि उभं राहायचं, एवढंच काम. पंचेचाळीसला ती उभी राहायची. वर अडीच किलो चढवले की रॉड जमीन सोडत नसे. उभ्या उभ्या तिचा एक पाय सारखा हलत होता. चाकणला वायरिंगच्या कंपनीत दिवसभर लाइनवर उभी राहूनही हा पाय थकत नसे, सुपरवायझर त्यावरून चिडवायचासुद्धा.

एक्केचाळीस वर्षांची ही बाई पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसने मोशीला उतरायची आणि जिममध्ये साडेचारच्या महिलांच्या बॅचला यायची. बाकीच्या बायका तिथं वजन उतरवायला येत. वाढवायला आलेली ही एकटीच. अंगाची हौस म्हणावी तर आरशापुढे ती कधी उभी राहिली नाही. तिला अठ्ठावन्न किलो उचलायचे होते आणि ते अठ्ठावन्न किलो चिखलीला घरी खाटेवर पडून होते. तिची सासू, सादिकाबी.

जानेवारीत सादिकाबींची उजवी बाजू गेली. सुट्टी देताना हॉस्पिटलने कागदावर वजन लिहिलं होतं, अठ्ठावन्न. त्यांचा मुलगा, ताहेराचा नवरा बरकत, हिंजवडीला कंपनीची बस चालवायचा. तिथल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून त्याची कंबर अशी झाली होती, की बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून फेब्रुवारीत एका दुपारी ताहेराने एकटीने सासूला उचललं. संडासापर्यंत अकरा पावलं होती. तिसऱ्या पावलाला दोघी खाट आणि कपाटाच्या मध्ये आडव्या झाल्या. शेजारच्या सुमनताई विरजण मागायला आल्या तोवर चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत सादिकाबींनी सुनेला एवढ्या शिव्या घातल्या, की तिला रडायला उसंतच मिळाली नाही.

तेव्हापासून डायपर. चाकणच्या बाजारात लसणाच्या ढिगामागे बसून तीस वर्षं गिऱ्हाइकांना दबकावणारी ही बाई, डायपर बदलताना भिंतीकडे तोंड करायची आणि पार होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. ताहेराला शिव्या चालल्या असत्या. हे गप्प बसणं तिला सोसत नव्हतं.

धाकटा दीर सरफराज राजगुरुनगरला गॅरेज चालवायचा. त्याने एक केंद्र बघून ठेवलं होतं, जिथं असे पेशंट सांभाळतात. "भाभी, माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमच्याच्यानं होत नाही. शाळा सुरू झाल्या की अम्मीला तिथं ठेवू." माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं. ताहेरा म्हणाली, "शाळा सुरू व्हायच्या आत मी तुमच्या डोळ्यांदेखत अम्मीला उचलून नेईन. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

"घरात माणसं किती?" पूनमने विचारलं.

"चौघं. मिस्टर, अम्मी, आमची जिकरा आणि मी."

"बरं. काल तुम्ही स्वतः किती अंडी खाल्ली?"

ताहेराने बोटांवर मोजलं. बरकतला तीन. अम्मीला दोन. जिकराला दोन, आणखी एक तिच्या डब्यात. आठ झाली. नववं फुटलं होतं, ते भुर्जीत गेलं आणि भुर्जी बरकतने संपवली.

"पिवळं आवडत नाही जिकराला," ती हळूच म्हणाली. "ते मी खाल्लं. एक."

पूनम आधी हसली, मग एकदम थांबली. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली मुलगी होती, तिच्या आईचं जेवण तिने पाहिलेलं असणार. "ताई, सात आठवडे तुम्ही चुलीवरून उतरलेलं लिहिताय. मी ताटातलं विचारलं होतं."

"मग मी कोण, घरातलीच ना?"

हे तिने भांडणासाठी विचारलं नव्हतं. घराने नऊ अंडी खाल्ली म्हणजे आपण नऊ खाल्ली, यात चूक काय हे तिला खरंच कळत नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि ताटात काय पडलं हे तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"आजपासून उलटं," पूनम म्हणाली. "पहिलं ताट तुमचं. चार अंडी, वाटीभर डाळ, दही, आणि भात नको म्हणायचा नाही. तुम्ही उठल्यावर बाकीच्यांनी बसायचं. नाहीतर इथं येऊन फक्त घाम गाळाल."

पहिल्या संध्याकाळी ताहेरा ओट्याशी उभी राहून, पाठ फिरवून, चोरून खावं तशी जेवली. बरकत दारात हात धुऊन उभा.

"आता कसं, साहेबीण बाई जेवल्या की आम्हा नोकरांचा नंबर?"

"खाऊ दे तिला," खाटेवरून सादिकाबी ओरडल्या. जीभ अर्धी जड झाली होती, धार तशीच होती. "तिला मला उचलायचंय. तुला कुठं काय उचलायचंय?"

दोन-चार दिवसांनी ती बसून जेवायला लागली. जेवून उठायची आणि दुसऱ्या दिवशीचे डबे, कपडे, पाणी असं काहीबाही काढत फिरायची. बसलं की तिला चैन पडत नसे. मागून बाकीच्यांची ताटं बरकत वाढायचा आणि घासायचाही तोच. हा तिला सतरा वर्षांत न मिळालेला आराम होता. आधी सगळ्यांच्या शेवटी बसायची तेव्हा उष्ट्या ताटांवरून तिला घर वाचता यायचं. बरकतने अर्धी भाकरी टाकली की कंपनीत काहीतरी बिनसलेलं असायचं. जिकराने वरण ठेवलं की तिने बाहेर वडापाव हाणलेला असायचा. ते वाचन आता बंद झालं आणि तिला त्याची आठवणही आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात रॉड साडेसत्तेचाळीसला उठला. मग पन्नास. पूनमने बॅचमधल्या बायकांना टाळ्या वाजवायला लावल्या. घरीही फरक दिसत होता. सासूची कूस वळवताना पूर्वी दम लागायचा, आता एका हाताने वळायची. हा सगळा फरक ताहेराने आपल्या दंडांच्या नावावर जमा केला. त्याच दोन महिन्यांत जिकराचे गाल भरले. ते तिने उन्हाळ्याच्या सुट्टीच्या नावावर टाकलं.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, सरफराज आला. ताहेराचा आकडा तेव्हा साडेबावन्न होता. साडेपाच किलो कमी पडत होते आणि तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळपासून तिने तीनदा फरशी पुसली, पायपुसणी उचलली, संडासातली खुर्ची हलवून बघितली, आणि वाटेतलं कपाट बरकतला वीतभर सरकवायला लावलं.

"भाभी, राहू द्या," सरफराज म्हणाला. "हट्टानं पाडाल तिला. मी धरतो एका बाजूनं."

"तू लांब हो रं," सादिकाबी म्हणाल्या. "चल गं ताहेरा. का मुहूर्त काढून आणायचाय?"

ताहेराने एक हात पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली. अठ्ठावन्न किलोसाठी लागेल तेवढा श्वास घेतला. पायांत जोर आणला. आणि उठली.

एवढ्या झटक्यात उठली, की तोल मागे जायला लागला. उघडंच दार जोरानं ढकलायला जावं तसं झालं. हातांत सासू होती, पण हातांनी तयारी केलेलं वजन त्यात नव्हतं. मॅक्सीच्या आत पाठीचा मणका न् मणका तळव्याला लागत होता. साडेबावन्नचा रॉड तिच्या हातांना पाठ होता. हे त्याच्यापेक्षा कितीतरी कमी होतं.

सुमनताई दुपारी डबा भरवायला यायच्या, त्या मागे एकदा म्हणाल्या होत्या, "म्हातारी अर्ध्या पोळीवर उठते हो." ताहेराने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. रात्रीचं ताट बरकत वाढायचा. आणि अम्मींच्या खाटेला टेकून रोज जेवायला कोण बसायचं? जिकरा.

तिने मान खाली करून सासूकडे पाहिलं. सादिकाबी तिच्याकडेच बघत होत्या. डोळे मोठे केलेले, बाजारात भावावरून गिऱ्हाइकाला गप्प करताना करत तसे.

"मानलं भाभी!" सरफराज खरंच खूश झाला होता. "किती किलोपर्यंत गेलात हो तिकडं?"

बरकतही उत्तरासाठी बघायला लागला.

"अठ्ठावन्न," ताहेरा म्हणाली.

अकरा पावलं ती मोजून, सावकाश चालली. घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं. खुर्चीवर बसवलं, डावा हात भिंतीच्या दांडीवर नीट ठेवला.

"दार लाव," सादिकाबी म्हणाल्या. "पुरतं लाव."

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या दारामागे गेल्या. बाहेरच्या खोलीत सरफराज केंद्रवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगत होता. ताहेरा दाराशीच राहिली.

"उभी हायेस का तिथं?"

"नाही अम्मी."

"मग बोलतंय कोण?"

ताहेराने दारावर कपाळ टेकलं. "आज तुमचं ताट पहिलं. मी समोर बसणार. जिकराला लांब बसवणार."

"आन् वजन वाढलं माझं तर? परत पाडशील."

"वाढू द्या. मी पण वाढवते."

आत नळ सुटला आणि पाणी बादलीत पडायला लागलं. ताहेराने हात खाली सोडायला बघितलं. ते अजून अम्मींच्या त्या हलक्या वजनाला वाकलेले होते.