पाण्याची डिग्री

दुधात पाणी आहे की नाही हे सांगायला माझ्या नवऱ्याला यंत्र लागत नाही, हे अख्ख्या कडाव गावाला माहीत आहे. विपुल नुसता कॅन हलवतो, कडेला चिकटलेलं दूध कसं उतरतं ते बघतो आणि म्हणतो, "मावशे, आज म्हशीनं लय पाणी पिलं वाटतं." सतरा वर्षं आमची डेअरी आहे. तो दूध मापतो, मी लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघते. एवढी पारख असलेल्या माणसाला स्वतःच्या लघवीला वर्षभर फेस येतोय, त्यात मात्र काही वावगं वाटलं नाही.

संडास धुणारी मी, त्यामुळे दिसलं ते मलाच. मी म्हटलं, "अवो, बादलीभर पाणी टाकलं तरी फेस जात नाय. डॉक्टरला दाखवा."

"ताज्या दुधाला फेस येतोच ना? अंगात ताकद हाय म्हणून येतो," म्हणून हसायचा. तेव्हा त्याच्या डोक्यात कॅन घालावा असं वाटायचं.

मग तोंड सुजायला लागलं. सकाळी उठला की पापण्या टम्म, दुपारपर्यंत तीच सूज पायांत उतरलेली. मी नडगीवर अंगठा दाबला तर मळलेल्या पिठात पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. दोन महिन्यांत वजन नऊ किलोनं वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं अंगानं भरलं." एक्केचाळिसाव्या वर्षी भरलं. या घरात शहाणं म्हणून कुणी उरलंय की नाही, असं मला झालं.

कर्जतच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि सरळ पनवेलला किडनीच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथं चोवीस तासांची लघवी जमवायला लावली. त्यातून आठ ग्रॅम प्रोटीन जात होतं. डॉक्टर म्हणाले, "हे प्रोटीन रक्तात असलं की पाणी रक्तात धरून ठेवतं. ते गळून गेलं की पाणी अंगात झिरपतं, म्हणून ही सूज." मग पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात म्हणे. त्या दोऱ्याएवढ्या तुकड्यात आठ मिळाल्या आणि आठही चांगल्या दिसल्या.

सासूबाईंनी तिथल्या तिथं हात जोडले. "शितावरून भाताची परीक्षा. आठ बऱ्या तर सगळ्या बऱ्या."

"आजी, या आजारात ती परीक्षा चालेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "एक गाळणी खराब आणि शेजारची धडधाकट, असं असू शकतं. सुई नेमकी चांगल्या जागी गेली असेल तर? आपण गोळ्या सुरू करू. प्रोटीन कमी झालं नाही, तर परत सुई घालून बघावं लागेल."

पहिल्या सुईनंतर विपुलच्या लघवीतून रक्त आलं होतं. दिवसभर तो उताणा पडून छताकडे बघत होता. 'परत सुई' ऐकल्यावर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. मी सोडवून घेतलं, कारण मला डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं होतं.

गोळ्या स्टेरॉइडच्या, रोज सकाळी बारा. त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला आणि भूक अशी लागायची की भाकऱ्या थापून माझे खांदे भरून यायचे. मीठ बंद, सुकट बंद, त्यामुळे ताटावर बसला की भांडण ठरलेलं. दूध घालायला येणारे म्हणायचे, "दादा, तब्येत सुधारली." तो घरात येऊन माझ्यावर डाफरायचा, जसं काही मीच त्यांना शिकवून पाठवलं होतं.

दर पंधरा दिवसांनी लघवीची बाटली कर्जतच्या लॅबमध्ये द्यायची होती. सकाळी विपुल टेंपोतून दूध पोचवायला जायचा, म्हणून बाटली न्यायची मी. रिपोर्टातल्या प्रोटीनच्या ओळीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा, तेही मीच. आधी प्रोटीनपुढे अधिकची चार चिन्हं होती. मग तीन झाली, मग एक, मग निल, म्हणजे काहीच नाही. निल आलं त्या दिवशी मी शेवयांची खीर केली आणि सासूबाईंनी गावदेवीला नारळ फोडला. डॉक्टरांनी गोळ्या बारावरून आठ आणि आठवरून चार केल्या.

सूज मात्र हटेना. विचारलं की म्हणायचा, "गोळ्यांची हाय ती." मी अंगठा दाबायला गेले की पाय ओढून घ्यायचा.

तीन महिन्यांनी पनवेलला बोलावलं. या वेळी रक्त आणि लघवी तिथंच घेतली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "प्रोटीन पहिल्याइतकंच जातंय. आणि रक्तातलं क्रिएटिनिन एकचं अडीच झालंय, म्हणजे किडनी निम्म्याच्याही खाली आली. तुमची कर्जतची लॅब इतके दिवस काय तपासत होती?"

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतके दिवस राग कुणावर काढावा कळत नव्हतं, आता माणूस सापडला. परतताना मी टेंपो लॅबसमोर थांबवायला लावला.

"जाऊ दे गं, चूक होते एखाद्याची," विपुल म्हणाला.

"तुमी बसा हितंच," म्हटलं आणि उतरले.

लॅबवाला सुनील तसा शांत माणूस. चार लोकांसमोर मी त्याचं जे काही काढायचं ते काढलं. त्यानं ऐकून घेतलं, मग कॉम्प्युटरवरून आमचे जुने रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवले.

"वयनी, तुमी प्रोटीनचीच ओळ बघताय. ही वरची बघा. रंग, पाण्यासारखा. आणि ही, लघवीचा दाटपणा. पाण्याचा असतो तेवढाच. मला वाटलं, पेशंट पाणी लय पितो."

पेशंटला दिवसाला एक लिटरच्या वर पाणी द्यायचं नव्हतं. मीच मापून द्यायचे.

दाटपणा म्हणजे काय, हे त्यानं मला समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही त्यालाच डिग्री म्हणतो. मी सुनीलची माफीसुद्धा मागितली नाही, तशीच येऊन टेंपोत बसले.

"किती घातलं?"

कशात, असं त्यानं विचारलं नाही. स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "पयल्यांदी निम्मं. मग वाढवत गेलो. एकदम घातलं असतं तर संशय आला असता."

सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या, त्यातून हे शिकला. मी त्याच्या दंडावर बुक्की मारली, मग आणखी एक मारली. त्यानं हात आडवासुद्धा घातला नाही, त्याचा मला जास्त संताप आला.

"का पण?"

"परत सुई नको होती गं. गोळ्या कमी झाल्या की तोंड पण पयल्यासारखं होईल, असं वाटलं."

"आणि किडनी?"

"आठच्या आठ बऱ्या होत्या ना," तो म्हणाला. त्याचा खरंच विश्वास होता त्यावर.

सुई परत घालावी लागलीच. या वेळी बावीस गाळण्या मिळाल्या. चार पार कडक झालेल्या. नऊंमध्ये एखाद्याच भागावर व्रण, भाकरी एका अंगानं करपावी तसा, बाकी भाग ठीक. उरलेल्या नऊ चांगल्या. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. व्रण पडला तो पडला, तो काही भरून येणार नाही. उरलेल्या वाचवायच्या. स्टेरॉइड परत वाढवायचे आणि जोडीला दुसऱ्या गोळ्या.

मी विचारलं, "हे तीन महिने फुकट गेले नसते तर?"

"नाही सांगता येत. काही जणांना या गोळ्या लागूच पडत नाहीत. कदाचित हे व्रण पहिल्या वेळीही असतील, सुईला सापडले नसतील."

विपुलनं सुस्कारा सोडला. मला तो सुस्कारा सहन झाला नाही. मला डॉक्टरांकडून एक उत्तर हवं होतं, पाण्यानं घात केला असं किंवा पाण्यानं काही बिघडलं नाही असं. यातलं काहीच न मिळता मी घरी आले आणि आठ दिवस भांडी आपटत राहिले.

पंधरा दिवसांनी परत बाटली द्यायची वेळ आली. मी मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आता हितं उभी ऱ्हाणार?"

"हो. नळाला हात लावायचा नाय."

तो पाठ करून उभा राहिला. अठरा वर्षांच्या संसारात इतकी लाज आम्हाला कधी वाटली नव्हती. त्यानं बाटली माझ्या हातात दिली. गरम होती, पिवळी होती आणि वर बोटभर फेस होता. मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि कॅन हलवावा तशी हलवून हलवून बघत राहिले.

"आता काय झालं? खरी हाय ती," तो म्हणाला.

"ती निलवाली बाटली पण मी अशीच धरली होती. रिक्षात बसल्यावर. पाण्यासारखी दिसली मला. दूध असतं तर दारातनं परत धाडलं असतं."

तो वळला. गोल, सुजलेल्या तोंडातले त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या टेंपोतल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मग बोलली का नाय तवाच?"

"मला निल पायजे होतं," मी म्हटलं.