अध्यक्षांच्या परिचयाची पायल

मित्रांनो, नेरच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत, टेबलाच्या खालच्या खणात एक जुना रबरी शिक्का पडून आहे. तो मीच. लाकडी मूठ झिजली आहे, पण ‘अध्यक्ष’ ही अक्षरं अजून वाचता येतात.

यवतमाळच्या रहमतभाईंनी मला घडवलं. अक्षरं उलटी कोरताना ते जिभेचं टोक दातांत धरत. पुढे मी संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांच्या टेबलावर आलो आणि माझा रुबाब वाढला. वसतिगृहाचा प्रवेश असो की कुणाची नोकरी, माझ्यावाचून पान हलत नसे. मजकूर ठरलेलाच: ‘अर्जदार माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत.’ वामनराव न वाचता सही ठोकत, कारकून मला दाबत. लोक जाताना माझ्याकडेही कौतुकाने बघत आणि मी फुगून जाई.

एके दुपारी वामनरावांचे ड्रायव्हर धरमसिंग आपल्या मुलीला, पायलला घेऊन आले. पुण्याची एक संस्था एका मुलीला सगळा खर्च उचलून परदेशी डॉक्टरकी शिकायला पाठवणार होती. अर्जासोबत मुलीला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीचं शिफारसपत्र हवं होतं. साहेब अजून यायचे होते. बापलेकीचं हळू आवाजातलं बोलणं मी ऐकलं.

“फरहाना मॅडम लिहून द्यायले तयार आहेत, बाबा,” पायल म्हणाली. “तांड्यात सिकलसेलच्या रक्ततपासणीले बाया येत नव्हत्या, तवा मी घरोघरी गेलती. मॅडम सोबत होत्या. साहेबायनं मले कधी पाह्यलं?”

“कॉलेजातल्या मॅडमले पुण्यात कोन वळखते?” धरमसिंग म्हणाले. “शिफारस म्हनजे मागं मोठा मानूस पाह्यजे, बेटा. इतकी वर्सं मी साहेबायची गाडी कायले चालोली मंग?”

पोरीनं अर्ज बापाच्या हातात दिला. मित्रांनो, त्या बापाचा मला राग येत नाही. शिफारस या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना कुणी कधी दाखवलाच नव्हता.

साहेब आले, सही झाली, मी उमटलो. ‘परिचयाचे’चं ‘परिचयाची’ करावं, एवढंही कुणाला सुचलं नाही.

काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. वामनरावांनी तो स्पीकरवर टाकला. धरमसिंग गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते. पलीकडच्या बाईंनी विचारलं, या मुलीचं तुम्ही स्वतः पाहिलेलं एखादं काम सांगाल का?

“घर चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “वडील एकदम इमानदार. आपलाच मानूस आहे.”

“वडिलांचं नाही, मुलीबद्दल सांगा.”

साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि दाराकडे मान वळवली. “धरमसिंग, नाव काय म्हनलं रे तुह्या पोरीचं?”

धरमसिंगांनी नाव सांगितलं. पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पायल आता यवतमाळला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. धरमसिंगांनी तिला जागा आधीच भरली होती असं सांगितलं. फोनचं घरी अजून सांगितलेलं नाही, असं ते एकदा कारकुनाजवळ बोलले. पुढे नवा, आपोआप शाई घेणारा शिक्का आला आणि माझी रवानगी खणात झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुम्हालाही कधी असं पत्र लागेल. ज्यांनी तुम्हाला राबताना पाहिलं आहे, त्यांच्याकडेच जा. आणि मोठ्या माणसाकडे जायचंच असेल, तर आधी त्याला तुमचं नाव विचारा.