भिंतीबाहेरचे कॅप्लन

“झालं, माझी हद्द इथपर्यंत,” म्हणत गिडियन दफनभूमीच्या भिंतीपासून बराच अलीकडे, एकुलत्या एका झाडाखाली बसला.

“कोहेनसाहेब, आत मस्त गार आहे हं! एसी लावलाय!” जोनो फाटकातून ओरडला.

“मग राहा तिथेच. कायमचा.”

बसमधली मुलं हसत आत गेली. सगळी जोहान्सबर्गची, विशीतली. कारूच्या माळावर पाठीवर गाठोडं घेऊन फेरी करणाऱ्या ज्यू पूर्वजांची गावं पाहायला निघालेली. एका गावात सिनेगॉगचं, त्यांच्या प्रार्थनाघराचं, टायरचं दुकान झालं होतं, दुसऱ्यात वाचनालय. ब्लाऊक्लूफमध्ये तेवढंही उरलं नव्हतं. होती ती ही दफनभूमी.

टॅरिन मागे रेंगाळली.

“फ्रेडा कॅप्लन,” गिडियन म्हणाला. “आजोबांची आई. फक्त फोटो काढ. घरातल्या कुणीच ती कबर पाहिलेली नाही.”

“आजोबांनीसुद्धा?”

“ती गेली तेव्हा ते युद्धावर होते. आणि नंतर कसे जाणार? जन्मभर जोहान्सबर्गला राहिली आणि मला ब्लाऊक्लूफला पुरा म्हणाली. का, ते देव जाणे.”

कॅप्लन कोहेन होते, म्हणजे ज्यूंच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांच्या कुळातले. मंदिर पडून दोन हजार वर्षं झाली, तरी हे कूळ बापाकडून मुलाकडे चालतच आलं होतं. कोहेन कबरींजवळ जात नाही. अगदी जवळचं माणूस पुरायचं असेल तेवढीच मुभा. कोहेन धर्मांतर करून ज्यू झालेल्या मुलीशी लग्नही करत नाही.

टॅरिन तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन ज्यू झाली होती. स्वतःच्या मनाने, गिडियन भेटण्याच्याही आधी. लग्नासाठी दोघांनी एकामागून एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, गाठले. सगळ्यांनी चहा दिला, सगळे हळहळले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. सहल संपली की भेटायचं नाही, असं अखेर दोघांनी ठरवलं होतं. रडून-भांडून झालं होतं. आता बसमध्ये शेजारी बसून ते नुसते शेंगदाणे खात.

फ्रेडाची कबर लगेच सापडली. काळा ग्रॅनाइट, ठसठशीत अक्षरं. टॅरिनने फोटो काढला. मग तिची नजर शेजारच्या दगडावर गेली. ठेंगणा वाळूखडक, पापुद्रे सुटलेला. दोन्ही कबरी इतक्या लगत होत्या की मधून चालायला जागा नव्हती.

माती-खडक तपासणं हेच तिचं रोजचं काम. झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, बाजूने उजेड टाकला की सावली धरतात. तिने पर्समधला छोटा आरसा काढला आणि ऊन दगडावर आडवं पाडलं.

आधी वर कोरलेला एक सुरई-घडा उमटला. तिला आश्चर्य वाटलं नाही. लेवींच्या दगडावर घडा असतोच. कोहेन आशीर्वाद द्यायला उभे राहण्याआधी त्यांच्या हातावर पाणी घालणारे ते लेवी; कोहेनची बंधनं त्यांना नाहीत. कोहेनच्या दगडावर दोन पंजे असतात. खाली हिब्रू होतं. जन्मजात ज्यू मुलं ते भरभर वाचतात, ती अक्षर अक्षर लावत वाचायची. मेंडेल, योसेफ लेवीचा मुलगा. त्याखाली इंग्रजीत: मेंडेल सेगल, ऑक्टोबर १९१८. फ्रेडाचा पती, तान्ह्या इसीचा बाप.

इसी. इसी कॅप्लन. गिडियनचे आजोबा, त्याच वर्षी जन्मलेले.

तिने आरसा खाली केला आणि अक्षरं पुन्हा दगडात गेली.

“रब्बी! जरा इकडे येता?”

सहलीबरोबर आलेले रब्बी झालमन वयाने मुलांपेक्षा फार मोठे नव्हते, दाढी तेवढी मोठी. तिने पुन्हा आरसा धरला आणि त्यांनी दगड वाचला. मग गुडघ्यावर बसून, अक्षरांवरून बोट फिरवत पुन्हा वाचला.

“म्हणजे बाप साथीत गेला,” ते हळूच म्हणाले. “फ्रेडाने मग जोहान्सबर्गला जाऊन कॅप्लनशी लग्न केलं. त्याने पोराला आपलं नाव दिलं, सणाला आशीर्वादाला उभा राहताना शेजारी उभं केलं असेल. पोराला कुणी काही सांगितलं नाही. आणि एकदा कोहेन म्हटल्यावर इथे येऊन बघणार कोण?”

“मग गिडियन...”

“थांब. मी काहीही बोललेलो नाही. दायानना फोन करतो.”

दायान म्हणजे जोहान्सबर्गच्या धर्मन्यायालयातले म्हातारे न्यायाधीश. रब्बी फोन कानाला लावून कबरींमधून येरझाऱ्या घालू लागले.

“काय गं, सापडली का?” भिंतीपलीकडून गिडियनने विचारलं.

“सापडली!” टॅरिन ओरडली. आणि पुन्हा रब्बींकडे पाहू लागली.

“रब्बींना काय झालं?” जोनो तिच्या कानाशी कुजबुजला. “ऊन लागलं का?”

रब्बी परत आले ते टोपी हातात घेऊन, कपाळ पुसत. “म्हणाले, ज्या गावाने त्याला जिवंतपणी ओळखलं, त्याच गावाने दगड बसवलाय. तो मानायचा. कागदपत्रं परतल्यावर पूर्ण करू. आणि म्हणाले,” इथे त्यांना हसू आवरेना, “त्या पोराला उन्हात कशाला बसवलंय?”

टॅरिन फाटकाकडे धावली.

“आत ये.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“तू कोहेन नाहीस, गिडियन. तू लेवी आहेस. तुझा पणजोबा आत आहे, खरा. तिच्या शेजारीच.”

तो आधी हसला. मग तिच्यामागे मान डोलावणारे रब्बी त्याला दिसले आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. थंड पाण्यात उतरावं तसा एक पाय आत टाकून तो थांबला. मग दुसराही टाकला. मेंडेलच्या दगडापाशी तो वाकून अक्षरं शोधू लागला. टॅरिनचा हात मात्र त्याने इतका घट्ट धरला होता की तिची अंगठी रुतली.

वडिलांना त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. लायनेल कॅप्लन यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे सणाला आता मी खाली बसायचं,” ते म्हणाले. “बरंच झालं. पाय दुखतात हल्ली.” पण आवाज बरं झाल्याचा नव्हता. “टॅरिन आहे का तिथे?”

दोन वर्षांत त्यांनी तिला फोनवर कधी बोलावलं नव्हतं.

“आहे, अंकल.”

“मग तुम्हा दोघांचं आता होईल ना?”

“हो, अंकल. होईल.”

“सुटलो गं बाई. तुझ्याशी तुटक वागायचं, मग रात्री झोप नाही. बायको रोज विचारायची, कशाला वागतोस असा. काय सांगणार? ऐक. माझ्या वडिलांना पुरलं तेव्हा मी आत होतो. पण दगड नंतर बसला. तो मी कधी जवळून पाहिला नाही. रस्त्यावर गाडी लावतो आणि बघतो. उद्या जाईन म्हणतो. आत गेल्यावर करतात काय, गं?”

“काही नाही, अंकल. जवळ उभं राहायचं. निघताना दगडावर एक लहानसा खडा ठेवायचा.”

“कसला खडा?”

“कसलाही चालतो. तिथलाच उचलायचा.”

“बरं,” लायनेल म्हणाले. “मी आपला घरूनच नेतो. तिथे नाही सापडला तर पंचाईत.”