जुना डबा आधी

गोदामातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी या स्टोअरकीपरची सवय काही सुटली नव्हती. दर रविवारी तो ढीगभर पालक एकदमच शिजवायचा, डब्यांत भरायचा, प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायचा आणि फ्रिजमध्ये रांगेने लावायचा. मागच्या आठवड्यातले डबे उरले असले, तर आधी ते संपवायचे. लेकीच्या अंगावर गांधी उठू लागल्या, तेव्हा त्याने पालक दुप्पट केला. हिरवं खाल्लं की सगळं बरं होतं, असं त्याचं ठाम मत, आणि त्याच्या मतापुढे डॉक्टरांची काय टाप!

त्या दिवशी जेवता जेवता लेकीचे ओठ टरारून सुजले. श्वास घरघरू लागला. तिने पर्सकडे बोट दाखवलं. त्याने सगळी पर्स टेबलावर उपडी केली, गोळी शोधली, तिला दिली. अर्ध्या तासाने तिचा श्वास ताळ्यावर आला, तेव्हा कुठे त्याने टेबल आवरायला घेतलं. पर्समधल्या पसाऱ्यात डॉक्टरांनी लिहिलेला, घडी घातलेला एक कागद होता.

हिस्टॅमिन कमी असलेला आहार. पालक पूर्ण बंद. चालतील त्या पालेभाज्या ताज्या, शिजवल्या की लगेच खायच्या. फ्रिजमध्ये ठेवलेलं शिळं अन्न नको.

मग त्याने वरची तारीख पाहिली. तारीख वाचण्यात तो कधी चुकत नसे.

"तीन महिने झाले याला," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू खात राहिलीस?"

"थोडंच खायचे. बाकीचं ऑफिसात टाकून द्यायचे."

"अगं, पण का?"

"आई गेल्यावर वर्षभर तुम्ही नुसते खिडकीशी बसून होतात, बाबा. मग एका रविवारी उठून पालक आणलात."

त्याला रडू आलं आणि तिचा भयंकर रागही आला. तो उठला आणि एकेक डबा काढून कचऱ्याच्या बादलीत रिकामा करू लागला. तेव्हाही जुना डबा आधीच.

"आता रविवारी काय कराल?" तिने हळूच विचारलं.

"रविवारी कशाला? रोज सकाळी बाजारात जाईन. तुला ताजं लागतं ना?" तो म्हणाला. तोंड मात्र त्याने फ्रिजकडेच ठेवलं.