डब्यातली अर्धी कॅप्सूल

तुमच्या-आमच्या घरी तो डबा असतोच. बाहेरून बिस्किटांचा, आत उरलेल्या गोळ्या. मेडशीजवळच्या तांड्यावर भाऊसिंगांच्या डब्यावर तर सगळ्यांचाच भरवसा! ऊसतोडीहून परतणारा जो तो उरलंसुरलं औषध त्यांच्याकडे आणून टाकी. फेकायला जीव होत नाही ना.

मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, नात रुचिका आजी-आजोबांकडे. पोहरादेवीच्या यात्रेतल्या गर्दीतून आल्यावर पोरीला सर्दी-ताप आला. भाऊसिंगांनी लाल-पिवळी कॅप्सूल फोडली, अर्धी पूड गुळाच्या पाण्यातून पाजली आणि अर्धी जपून ठेवली. ताप उतरला, तसं औषधही बंद. मग ताप उलटला. पोरगी धापा टाकू लागली. भाऊसिंग पुन्हा डब्याकडे वळले, तेव्हा त्यांची बायको ललिताबाई कडाडल्या.

"ठेवा तो डब्बा! पोरीच्या फासळ्या आत जाऊन राह्यल्या, दिसत नाही काय तुमाले?"

दवाखान्याकडे निघालेली एसटी थांब्याथांब्यावर थांबत होती. भाऊसिंग उठत, बसत, पोरीच्या छातीवर हात ठेवून पाहत. मुलाला काय तोंड दाखवायचं?

दवाखान्यात डॉक्टर नीलम यांनी आधी ऑक्सिजन लावला, मग विचारपूस केली. भाऊसिंगांनी उरलेली अर्धी कॅप्सूल पुढे केली.

"बाबा, सर्दी विषाणूची होती. त्याला हे औषध मारत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आपल्या नाकाघशात जिवाणू कायम राहतात. बरेचसे निरुपद्रवी, जागा धरून बसलेले. काही मात्र संधी शोधणारे. विषाणूनं आतलं अस्तर खराब केलं की ते फुफ्फुसात उतरू शकतात. एकाच विषाणूनं कुणाला नुसत्या शिंका येतात, कुणाला ऑक्सिजन लागतो, त्यामागे हेही एक कारण असतं."

"मंग कॅप्सूलनं ते मेले नसते काय?"

"सोयाबीनवर नको तेव्हा फवारा मारला तर काय होतं?"

"अळी खाणारे किडेबी मरतेत," भाऊसिंग हळूच म्हणाले. "मंग अळी अजून माजते. म्हंजे मीच पोरीले..."

"तसं खात्रीनं नाही सांगता येत. कदाचित औषध न देताही झालं असतं. पण डब्याच्या भरवशावर तुम्ही उशीर केला, हे खरं."

नर्सने प्रतिजैविकाची बाटली टांगली. भाऊसिंग चमकले. "मंग आता तेच काहून देऊन राह्यले?"

"आता तपासणीत जिवाणूंचा न्यूमोनिया वाटतोय, म्हणून. तिच्या वजनाच्या मापानं, आणि पूर्ण. अर्धं ठेवायचं नाही."

त्या दिवसांत भाऊसिंगांच्या घशाखाली घास उतरला नाही. अखेर रुचिकाने स्वतःहून भाकर मागितली, तेव्हा ते व्हरांड्यात जाऊन रडले.

घरी पोरगी हुंदडू लागली. ललिताबाईंनी दवाखान्यातून दिलेल्या पातळ औषधाची बाटली हलवून पाहिली. "बरी झाली ना आता? उरलेलं ठेवून देऊ?"

"नाही वं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं तितकं पुरं द्यायचं."

बंधू-भगिनींनो, प्रतिजैविक म्हणजे सर्दीवरचा उतारा नव्हे. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच घ्यावं, सांगितलं तितकं घ्यावं. आणि लेकरू धापा टाकत असेल, तर डबा नव्हे, दवाखाना गाठावा.

परवा शेजारचे इंद्रभान शिंकत आले. "भाऊ, एक लाल-पिवळी दे."

डब्यातल्या गोळ्या कधीच दवाखान्यात जमा झाल्या होत्या. भाऊसिंगांनी डबा उघडला, मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि विचारलं, "दम तं नाही लागून राह्यला तुले?"