रत्नप्रभाबाईंचं बक्षीस

रत्नप्रभा परबांनी आपली पेटी विकायला काढली ती बोटांच्या सांध्यांनी दगा दिल्यावर. पापड लाटून जमवलेल्या पैशांतून घेतलेली ही हार्मोनियम त्यांनी भांडुपच्या महिला भजन मंडळात वर्षानुवर्षं वाजवली होती. सुनेनं, दीप्तीनं, फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली आणि एक गोरागोमटा तरुण दारात हजर झाला.

आल्या आल्या त्यानं पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. मग मांडी घालून रूपाचा अभंग म्हटला. मालवणी भजन त्याच अभंगानं सुरू होतं. गळा असा गोड की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असं गाणारा माणूस लबाड असेल, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

त्यानं मोबाईल पुढे धरला. हिरवी खूण, अठरा हजार. "मावशी, माझ्याकडून गेले बघा. तुमचा मेसेज जरा उशिरा येईल, नेटवर्कची बोंब आहे ना."

बाईंनी पेटी तर दिलीच, वर त्याच्या हातात नारळही ठेवला. पैसे आले नाहीत. नंबर बंद झाला.

अठरा हजार बुडाले याचं दुःख होतंच. पण त्या मेल्याच्या अभंगाला आपण रडलो, याची आग त्याहून मोठी होती. पोलिसांत जाऊ या, असं दीप्ती म्हणाली, तर बाई फणकारल्या, "माका तो समोर व्हयो. चार माणसांत."

देवानं त्यांचं ऐकलं. घाटकोपरच्या डबलबारीचं पोस्टर व्हॉट्सॅपवर आलं. दोन भजनी बुवांचा गाण्याचा सामना: एकीकडे नंदकुमार बुवा, दुसरीकडे प्रांजल बुवा. प्रांजल बुवा म्हणजे तोच गोरागोमटा, आणि त्याच्या मांडीपुढे बाईंची पेटी!

"गावलो!" बाई एवढंच म्हणाल्या आणि दीप्तीकडून मोबाईलवर तसंच हिरव्या खुणेचं एक चित्र बनवून घेतलं.

मैदान भरलेलं होतं. प्रांजल बुवाची बारी रंगात आल्यावर बाईंनी ते चित्र निवेदकाला दाखवलं. बक्षीस माईकवरून जाहीर करायचं आणि बुवानं गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव घ्यायचं, ही डबलबारीची रीतच. "भांडुपच्या रत्नप्रभा परब यांच्याकडून अकरा हजार!" टाळ्या पडल्या. जाहिरातीवर नाव दीप्तीचं होतं, त्यामुळे बुवाला काही उमगलं नाही. तो हात जोडून म्हणाला, "रत्नप्रभाताईंचा मी जन्माचा ऋणी!"

तेवढ्यात आयोजक मंडळाचा खजिनदार मोबाईल बघत पुटपुटला, "पैसे आलेले दिसत नाहीत."

बाईंनी निवेदकाच्या हातातला माईक ओढून घेतला. "येतले, येतले! ह्या पेटीचे अठरा हजार ह्या बुवाकडसून माका जसे इले, तसेच येतले!"

मैदान खदखदून हसलं. नंदकुमार बुवानं तर पलीकडून टाळ वाजवले. बाईंना मनापासून बरं वाटलं, जेवणानंतर वाटतं तसं.

प्रांजल बुवा घामाघूम झाला. खाली वाकून पुटपुटला, "मावशी, आत्ता पाठवतो. खरंच." आणि खरंच पाठवले. बाईंच्या मोबाईलवर अठरा हजार जमा झाले. त्यांनी ते दोनदा तपासले आणि दीप्तीला सांगून तिथल्या तिथे परत केले.

"माका पैशे नको. पेटी दी."

"एवढी बारी होऊ द्या, मावशी. पाया पडतो."

"आत्ताच्या आत्ता."

समोर सगळं गाव बसलं होतं. त्यानं पेटी पुढे सरकवली. दोघी सासू-सुना ती धरून मैदानाच्या फाटकाशी आल्या, तेव्हा पाठीमागे पखवाज सुरू झाला. बिनपेटीचा प्रांजल बुवा गाऊ लागला आणि पहिल्याच ओळीत सूर सोडून भलतीकडे गेला.

"चला ना आई, रिक्षा थांबलीय," दीप्ती म्हणाली.

"थांब गो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. पेटी खाली ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि तो गायचा थांबेपर्यंत हलल्या नाहीत.