कुरुंद्याच्या बोरीचा डोळा

मित्रांनो, काटे सांभाळून जरा जवळ या. मी कुरुंद्यातल्या पुंजाजीच्या परसातली जुनी बोर आहे. मला कुणी लावलं नाही. कुणीतरी बी थुंकलं आणि मी उगवले. माझी बोरं इतकी आंबट-तुरट, की शेळ्यासुद्धा तोंड वाकडं करायच्या म्हणे. पण बहात्तरच्या दुष्काळात लिंबोणी वाळली, पेरू वाळला, आणि मी मात्र हिरवी राहिले. माझं मूळ पार खाली मुरमात गेलं होतं ना!

तरी पुढच्या उन्हाळ्यात पुंजाजी कुऱ्हाड घेऊन आला. त्याला कुंपणासाठी काट्या हव्या होत्या. त्याची बायको रूपाबाई आडवी आली. तिला गोड बोरांची भारी हौस. तिचा भाऊ तातेराव सिद्धेश्वर धरणाकडे एका बागेत कामाला होता. तो म्हणाला, "दाजी, समदी तोडू नका. गुडघ्याएवढं खोड ठिवा. पाऊस पडला की मी हिला चांगल्या बोरीचा डोळा भरतो."

"भर," पुंजाजी म्हणाला. "पण डोळा न्हाई फुटला, तर बुडासकट काढतो."

माझ्या फांद्या गेल्या. दुखलं हो! पण मला एकच उत्सुकता लागली होती. डोळा? मला? म्हणजे आता मला दिसणार! रूपाबाईचं तोंड कसं असेल? शेळ्या खरंच तोंड वाकडं करतात का?

पाऊस पडला आणि मला नवे फुटवे आले. तातेराव ओल्या फडक्यात एक काडी घेऊन आला. काडीवरचा इवलासा कोंब, त्यालाच तो डोळा म्हणत होता, त्याने सालीसकट काढला, माझ्या एका फुटव्याची साल चिरून आत बसवला आणि केळीच्या खोडाच्या सालपटाने बांधला. जाताना बजावलं, "अक्का, डोळा उघडा ठिव."

हे ऐकलं पुंजाजीच्या आईने, अनुसयाबाईने. तिने अर्धंच ऐकलं. डोळा म्हटल्यावर म्हातारीला आठवली ती नजर! "आधीच दुष्काळानं खाल्लं. त्यात परसात कुणाचा डोळा आला गं बाई?" असं पुटपुटत तिने काळ्या चिंधीत मीठ-मोहरी घेतली आणि माझ्या डोळ्यावर करकचून गाठ मारली. माझी काळजीच वाटत होती तिला.

झालं! मी आतून धडपडत होते, पण वर वाट नव्हती. खालचे माझे रानटी फुटवे मात्र इतके तरारून वाढले, की चिंधी पाल्यात झाकून गेली. माझंच सगळं पाणी ते पिऊ लागले.

बरेच दिवस वाट पाहून पुंजाजी पुन्हा कुऱ्हाड घेऊन आला आणि त्याने पाला बाजूला सारला. "कुठं हाय तुझा डोळा? चिंधी तेवढी दिसून राहिली."

"चिंधी?" रूपाबाई धावली. "आवं थांबा! ही काहून बांधली?"

"म्या बांधली," अनुसयाबाई म्हणाली. "नजर लागू न्हाई म्हणून."

"आत्याबाई, ह्यो नजरेचा डोळा न्हाई, झाडाचा हाय! ह्यातूनच फांदी फुटती!"

रूपाबाईने दातांनी गाठ सोडली. आत पिवळाफटक, वाकडा झालेला एक कोंब होता. पण जिवंत होता! पुंजाजीने कुऱ्हाड खाली ठेवली.

"म्या माझ्या हातानं गळा दाबला का गं हिचा?" म्हातारीला रडू फुटलं. मग तिने स्वतःच विळा घेतला आणि खालचे फुटवे छाटले. त्यानंतर रोज भांडी घासलेलं पाणी तिने माझ्या बुडात ओतलं.

मित्रांनो, माझी मात्र फजिती झाली. डोळा उघडला आणि मला काहीच दिसलं नाही. त्यातून पान आलं! झाडाचा डोळा बघण्यासाठी नसतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधी मला बोरं लागली. लांबट, पिवळी, गोड. पहिलं बोर अनुसयाबाईने तोडलं.

"देवापुढं ठिवा, आत्याबाई," रूपाबाई म्हणाली.

"देव थांबंल. तू लई थांबलीस. खाय!" म्हणत म्हातारीने बोर सुनेच्या तोंडात घातलं. रूपाबाईने डोळे मिटून ते चावलं, आणि बी थुंकायचंही विसरली.

मित्रांनो, झाडाला पाणी घाला, बुडाचे रानफुटवे काढा. आणि मायेने एखादी गाठ मारलीच असेल, तर अधूनमधून ती सोडून बघत जा. आत कुणीतरी फुटायची वाट पाहत असेल.